तुमच्या घरात महिन्याला तेल किती लागतं?

जुलै २०२५ मध्ये समोसा आणि जिलेबीवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार, अशी बातमी दोन-तीन दिवस सगळीकडे फिरली. काही ठिकाणी त्या यादीत वडापावही होता. मग सरकारचा खुलासा आला. आरोग्य मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं होतं, गाडीवरच्या किंवा दुकानातल्या पदार्थांवर इशारा छापायचा आदेश कुठेच नव्हता. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये दर महिन्याला दहा टक्के कमी तेल विकत घ्या, असं आवाहन केलं होतं.

खुलाशानंतरही गोंधळ उरलाच. दहा टक्के कमी करायचं ते कशातून? समोसा वाईट, मग चहाबरोबरची खारी चालते का? घाण्याचं तेल आणलं की प्रश्न मिटला का? तूप तर आता चांगलं म्हणतात ना? आणि नाशिकमध्ये रविवार मिसळीशिवाय उजाडत नाही, तिचं काय करायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकेका पदार्थाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून फारसं काही साधत नाही. घरात महिन्याला किती तेल येतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याने समोसा सोडला काय आणि खाल्ला काय.

मेद कोणता चांगला, कोणता वाईट

तेल, तूप, लोणी, साय, डालडा, शेंगदाण्यातलं आणि खोबऱ्यातलं तेल, मटणाची चरबी, हा सगळा मेद. शरीराला तो हवाच असतो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं मेदाशिवाय नीट शोषली जात नाहीत, आणि काही मेदाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. म्हणून ‘तेल पूर्ण बंद करा’ असं सांगणाऱ्याकडे खुशाल दुर्लक्ष करावं. दोन वर्षांखालच्या मुलांचं तेल-तूप तर उगाच तोडूच नये.

मेदाचे तीन प्रकार कळले की पुढचं सगळं सोपं आहे. पाकिटावर ज्याला सॅच्युरेटेड फॅट म्हणतात तो संपृक्त मेद. त्याच्या रेणूंच्या साखळ्या सरळ असतात, एकमेकींना लागून दाटीने बसतात, म्हणून तो लवकर थिजतो. असंपृक्त मेदाच्या साखळीला मध्येच वाक असतो, तिला असं दाटीने बसता येत नाही, म्हणून तो पातळ राहतो. तिसरा ट्रान्स फॅट. पातळ तेलात हायड्रोजन घालून ते अर्धवट घट्ट करताना तो तयार होतो. जुन्या काळचा डालडा हे त्याचं घरोघरचं उदाहरण. दूध-तुपातही तो निसर्गतः असतो, पण अगदी थोडा.

जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा हा फरक ओट्यावरच दिसतो. खोबरेल आणि तूप डब्यात घट्ट, पामतेल गढूळ होऊन दाटलेलं, आणि करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल मात्र बुधलीतून नेहमीसारखं धार धरून पडतं. शेंगतेलसुद्धा कडाक्याच्या थंडीत थोडं दाटतं, त्यामुळे ही खूण ढोबळच समजावी. आकड्यांत सांगायचं तर खोबरेल तेलात ८५ ते ९० टक्के मेद संपृक्त, तुपात ६० ते ६५, पामोलिनमध्ये, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागात, ४० च्या वर. शेंगतेलात तो १८-२० टक्के, सोयाबीन तेलात १५ च्या आसपास, सूर्यफुलाच्या तेलात १०-१२ आणि करडईत त्याहूनही कमी.

संपृक्त मेद रक्तात काय करतो

कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही, प्रथिनांच्या वेष्टनातल्या बारीक कणांमधून फिरतं. त्यातल्या एका प्रकारच्या कणांना एलडीएल म्हणतात. पेशींना हवं तेवढं कोलेस्टेरॉल देऊन झालं की उरलेलं एलडीएल यकृताने रक्तातून उचलायचं असतं. नाशिककरांना घंटागाडी समजावून सांगायला नको. यकृताच्या पेशींवर असे उचलणारे रेणू असतात, तीच रक्तातली घंटागाडी. खाण्यात संपृक्त मेद वाढला की हे रेणू कमी होतात, म्हणजे गाडीच्या फेऱ्या कमी होतात. कचरा निर्माण होणं थांबत नाही, फक्त उचलला जात नाही. एलडीएल जितकं जास्त आणि जितके दिवस रक्तात राहील, तितकं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं आणि तिथे थर जमत जातो. हे महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. वीस-तीस वर्षं चालतं आणि एवढ्या काळात कुठेही दुखत नाही, हीच अडचण आहे.

ट्रान्स फॅट याहून वाईट. तो एलडीएल वाढवतोच, शिवाय एचडीएल, म्हणजे जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणणारे कण, कमी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोजच्या ऊर्जेपैकी संपृक्त मेदातून येणारा वाटा १० टक्क्यांच्या आत आणि ट्रान्स फॅटचा १ टक्क्याच्या आत हवा. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्य लोकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, त्यामुळे या मर्यादा आपण जरा जास्तच मनावर घ्यायला हव्यात.

जाता जाता एक. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्याला काडीचा अर्थ नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. खोबरेल, पाम, शेंगदाणा, कुठल्याच वनस्पती तेलात ते नावापुरतंही नसतं.

दहा टक्के म्हणजे ताटात किती

दिवसाला २००० कॅलरी लागणारा माणूस धरू. त्याच्या १० टक्के म्हणजे २०० कॅलरी. एका ग्रॅम मेदात ९ कॅलरी असतात, म्हणजे संपृक्त मेदाची मर्यादा झाली साधारण २२ ग्रॅम.

आता एक साधा दिवस घ्या. पावशेर, म्हणजे २५० मिली फुल क्रीम दूध, त्यात ६ टक्के मेद, म्हणजे १५ ग्रॅम, त्यातला संपृक्त सुमारे ९. वरणभातावर आणि पोळीवर मिळून दोन छोटे चमचे तूप, संपृक्त ६. भाजी, आमटी, कांदेपोहे यांत मिळून प्रत्येकाच्या वाट्याला चार छोटे चमचे पामोलिन, संपृक्त साडेसात. बेरीज साडेबावीस. अजून खारी नाही, फरसाण नाही, बाहेरचं काही नाही, आणि मर्यादा संपली.

यातलं फक्त तेल बदलून सूर्यफुलाचं केलं तर साडेसातचे दोन होतात. फुल क्रीमऐवजी ३ टक्के मेदाचं टोन्ड दूध घेतलं तर नऊचे साडेचार. पावशेर दूध आणि दोन चमचे तूप तसंच ठेवूनही आकडा साडेबारावर येतो. दुधावरची साय काढून ‘आम्ही साय काढलेलंच दूध पितो’ म्हणणारी घरंही बरीच असतात. बरोबर आहे, पण त्या सायीचं तूप होऊन ते त्याच घरात त्याच ताटात पडतं, एवढं लक्षात असू द्यावं.

आधी पिशव्या मोजा

संपृक्त मेद हा एक हिशेब, आणि एकूण तेल हा दुसरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसासाठी जी नमुना थाळी दिली आहे, तिच्यात वरून घालायचं तेल-तूप २७ ग्रॅम आहे, म्हणजे सहा छोटे चमचे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर गेला आहे. दिवसाचे झाले ५४ ग्रॅम, बरोबर दुप्पट. त्यातलं थोडं कढईत आणि वाया जातं, थोडं हॉटेलं आणि फरसाणवाल्यांच्या मार्फत पोटात येतं, तरी फरक छोटा नाही. आणि यातलं निम्म्याहून जास्त तेल आपण परदेशातून आणतो.

घरच्यासाठी गणित असं. २७ ग्रॅम गुणिले ३० दिवस गुणिले चार मोठी माणसं, झाले ३२४० ग्रॅम. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटर, आणि तेही तूप, लोणी, बाहेरचं खाणं सगळं धरून. बाहेर खाणं आणि घरचं तूप वजा केलं तर किराणा यादीत तेल अडीच-तीन लिटरपेक्षा जास्त नसावं. पिशवीवरचे ग्रॅम वाचून घ्या, सगळ्याच पिशव्या आता ९१० ग्रॅमच्या नसतात.

द्राक्षबागेत दिवसभर छाटणी करणाऱ्या माणसाला हा हिशेब तसाच लावू नये. त्याला ऊर्जाच जास्त लागते. अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात संगणकासमोर आठ तास बसणाऱ्याला मात्र तो तंतोतंत लागू आहे.

पाच लिटर आणणाऱ्या घराला एकदम तीनवर येणं जड जातं, चवच गेल्यासारखी वाटते. इथे ते दहा टक्क्यांचं आवाहन खरोखर कामाचं आहे. पाचाचे साडेचार करा, महिना-दोन महिने तिथेच राहा, मग चार. आणि बुधलीतून थेट कढईत ओतणं बंद करा. घरातली पळी एकदा पाण्याने भरून तिच्यात किती चमचे बसतात ते मोजलं, की ‘पळीभर तेल’ म्हणजे काय ते कळतं. कांदा परतताना तो लागायला लागला की हात तेलाकडे जातो. त्या वेळी दोन चमचे पाणी शिंपडलं तरी कांदा सुटतो, पाणी उडून जातं आणि परतणं पुढे चालू राहतं. जाड बुडाची कढई किंवा बिडाचा तवा असेल तर आणखी सोपं.

मग मिसळ सोडायची का

नाही. मिसळीतली मटकी हा तर त्या ताटातला सगळ्यात शहाणा पदार्थ. प्रथिनं, तंतू, मेद नगण्य. प्रश्न दोन जागी आहे, तर्री आणि फरसाण. आणि लोक फक्त तर्रीला घाबरतात, कारण ती दिसते.

मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाही. म्हणून रश्शावर तवंग येतो आणि चव त्याच तवंगात असते. याचा उपयोग करून घेता येतो. चव दाट असल्यामुळे दोन चमचे तर्री पूर्ण वाटीला पुरते. नाशिकची पद्धत इथे आपल्या बाजूने आहे. उसळ, रस्सा, तर्री बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या वाट्यांत येते, सगळं एकत्र कालवून आणत नाहीत. वाटी आपल्या हातात असते.

फरसाणाचं तसं नाही. शेव-फरसाणाच्या पाकिटामागे पाहिलंत तर १०० ग्रॅममध्ये मेद ३० ते ४० ग्रॅम दिसतो. तेल पिठात मुरलेलं असतं, वर तवंग नसतो, बोटाला थोडं लागतं तेवढंच. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेव घेतली की दोन चमच्यांहून जास्त तेल आलं, आणि बाहेरच्या शेवेला ते बहुधा पामोलिन असतं, कारण ते स्वस्त असतं आणि तळणीत टिकतं. ‘जरा फरसाण वाढवा’ हे जे आपण सहज म्हणतो, तिथे खरा खर्च आहे. बाजूला गुलाबजाम किंवा जिलेबी असेल तर त्यावर मी काही बोलत नाही. मळ्यातल्या मिसळीला गेलेल्या माणसाला कोणी अडवू नये.

उपवासाचं ताटही याच हिशेबात धरा. साबुदाणा वडा, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा, हे एकाच दिवशी खाल्लं तर उपवासाचा दिवस आठवड्यातला सगळ्यात तेलकट दिवस ठरतो.

खारी, टोस्ट आणि ‘ट्रान्स फॅट शून्य’

तळलेलं नाही म्हणून बेकरीचा माल निर्धोक वाटतो. खारीचे पापुद्रे सुटतात ते पिठाच्या घड्यांमध्ये घट्ट मेद थापल्यामुळेच. पातळ तेलाने तसे पदर धरत नाहीत. नानकटाई, क्रीम रोल, पॅटिस, सगळ्यांचं तेच.

इथे एक चांगली गोष्ट झाली आहे, तीही सांगायला हवी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा आधी ५ टक्के, मग १ जानेवारी २०२१ पासून ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. मग वनस्पती तूप घट्ट राहतं कशाने? बहुतांशी पामच्या घट्ट भागामुळे. म्हणजे ट्रान्स फॅट गेला, त्याच्या जागी संपृक्त मेद आला. आधीपेक्षा बरं, पण ‘ट्रान्स फॅट शून्य’ वाचून पाकीट निर्धास्तपणे संपवावं इतकं बरं नाही. मागची सॅच्युरेटेड फॅटची ओळ वाचा आणि दिवसाच्या २२ ग्रॅमशी ताडून बघा. सुट्या मालावर लेबल नसतं, तिथे वाचायला काहीच नाही, त्यामुळे तो रोजच्या चहातून काढून आठवड्यातून एखाद्या वेळेवर नेणं एवढंच करता येतं.

‘लो फॅट’ बिस्किटांच्या नादी लागू नये. मेद काढला की त्यांत बहुधा साखर आणि मैदा वाढवलेला असतो, आणि त्या अदलाबदलीने हृदयाला काही मिळत नाही.

तळणीचं तेल परत वापरावं का

दिवाळीचं तळण संपलं की कढईत लिटरभर तेल उरतं, टाकवत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापलं की ते मोडून त्यात निरनिराळे अपायकारक घटक साठतात. त्यांना एकत्रितपणे पोलर घटक म्हणतात, आणि त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळायला लागणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवायची आणि जळकं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांना द्यायचं असतं; त्यापासून बायोडिझेल बनतं.

घरी मोजायचं यंत्र नसतं, पण खुणा असतात. रंग काळपट, हाताला चिकट, तापवताना फेस येतो आणि बसत नाही, नेहमीपेक्षा लवकर धूर सुटतो आणि घशाला खवखवतं. यातलं काही दिसलं तर ते तेल गेलं. एकदाच तळलेलं तेल गार करून गाळावं, दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावं, आणि त्यात नवं तेल ओतून पुन्हा तळणीला लावू नये. आधीच कढईत कमी घेऊन थोडं-थोडं तळलं तर उरतही नाही.

‘पण आम्ही घाण्याचं तेल आणतो’

आणा. लाकडी घाण्याच्या शेंगतेलाचा वास रिफाइंडला येत नाही, आणि ज्वारीच्या भाकरीवर चटणीबरोबर ते कच्चं घ्यायला मला स्वतःला फार आवडतं. त्यात ई जीवनसत्त्वासारखे काही घटकही जास्त शिल्लक राहतात. पण संपृक्त-असंपृक्त मेदाचं प्रमाण तेच, आणि चमच्याच्या कॅलरीही त्याच चाळीस. ‘शुद्ध आहे’ म्हणून हात सैल सोडला तर हिशेब बिघडतोच. घाण्याचं तेल लवकर धुरावतं, तेव्हा तळणीपेक्षा फोडणीला बरं.

याच्या उलट, सोयाबीन-सूर्यफुलासारखी बियांची तेलं विषारी असल्याचे व्हिडिओही फिरतात. आजवरचा पुरावा त्याच्या बाजूने नाही. संपृक्त मेदाच्या जागी अशी तेलं घेतल्यावर एलडीएल उतरतं आणि हृदयविकाराचा धोका कमी होतो, असंच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये जुन्या चाचण्या तपासून सांगितलं. ऑलिव्ह तेलाची गरज नाही. शेंगतेल, करडई, सोयाबीन, मोहरी यांतली दोन-तीन आलटून पालटून वापरली की पुरे. ओमेगा-३, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणाऱ्या मेदाम्लांपैकी एक, त्यासाठी जवसाची चटणी आहेच. आणि पेठ-सुरगाण्याकडे पिकणाऱ्या खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी ज्या घरात बंद पडली असेल तिथे ती पुन्हा सुरू करायला हरकत नाही. तीही मोजून, अर्थात.

‘आमचे आजोबा वाटीभर तूप प्यायचे’

हे वाक्य नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात आहे. आजोबा मळ्यात मोट हाकत होते, बाजाराला चालत जात होते, आणि तूप बहुधा सणावारी खात होते. बिस्किटं, फरसाण, हॉटेल हे त्यांच्या आठवड्यात नव्हतं. शिवाय गोष्टी ज्यांचे आजोबा नव्वदीपर्यंत जगले तेच सांगतात. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेल्यांच्या तुपाची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि त्या काळी कारणही कोणी तपासलं नव्हतं.

दिवसाला एक-दोन छोटे चमचे साजूक तूप बाकीचं सांभाळलं तर मर्यादेत बसतं, हे वर बेरजेत दिसलंच. पुरणपोळीवर सोडलेली धार हा सणाचा भाग आहे. रोजच्या पोळ्यांच्या थप्पीतल्या प्रत्येक पोळीला तूप, मग शिऱ्यात, मग खिचडीवर, याला मात्र ‘तूप औषध आहे’ हा आधार पुरत नाही.

रक्त कधी तपासायचं

वजन कमी आहे म्हणून एलडीएल कमीच असेल असं नाही. काटक माणसांतही ते वाढलेलं सापडतं, काही घराण्यांत तर ते जन्मतःच जास्त असतं आणि नुसत्या पथ्याने पुरेसं उतरत नाही. घरात कोणाला कमी वयात झटका आला असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, डॉक्टरांना विचारून लवकर करून घ्यावी. खाण्यात बदल केल्यावर त्याचा परिणाम बघायला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी पुरते, दर पंधरा दिवसांनी बघून उपयोग नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेल कमी केलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही. नवा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं, मात्रा कमी करायची की नाही ते त्यांनी ठरवायचं.